हवेच्या काट्याची तपासणी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोल पंपाच्या कडेला हवेच्या मशिनपाशी गाडी थांबली की तिथला मुलगा विचारतो, "किती मारू?" गाडीतून उत्तर येते, "मार की पस्तीस सगळीकडं," नाहीतर "तुझ्या हिशेबानं मार." कोल्हापुरात तावडे हॉटेलपासून फुलेवाडीपर्यंत हा संवाद दिवसभर चालू असतो आणि त्यात तीन चुका असतात. सांगितलेला आकडा त्या गाडीचा नसतो. टायर तापलेला असतो. आणि ज्या काट्यावर तो आकडा दिसणार, तो काटा शेवटचा कधी तपासला हे ना सांगणाऱ्याला ठाऊक असते ना भरणाऱ्याला. पहिल्या दोन चुका चालकाच्या, तिसरी पंपाची. आमचे मुख्य म्हणणे तिसरीबद्दल आहे. पण पहिल्या दोन तशाच चालू ठेवून पंपाला जाब विचारता येत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

गाडीचा स्वतःचा आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि दोन-तीन माणसे बसल्यावर किती व गाडी पूर्ण भरल्यावर किती, असे दोन रकानेही असतात. छोट्या गाड्यांत हे आकडे बहुधा ३० ते ३६ च्या दरम्यान असतात, त्यामुळे "पस्तीस सगळीकडं" हे उत्तर कधी योगायोगाने जुळतेही. टायरच्या कडेवर कोरलेला ४४ किंवा ५१ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) हा आकडा मात्र भरण्याचा नव्हे. तो त्या टायरला दिलेला कमाल दाब आहे. तो वाचून तेवढी हवा भरून घेणारी माणसे आजही भेटतात, आणि त्यांच्या गाडीचे टायर मधोमध घासून गुळगुळीत झालेले असतात. मूळ मापापेक्षा वेगळ्या मापाचे टायर बसवले असतील, तर पट्टीवरचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. टायर घेतानाच दुकानदाराकडून त्या गाडीसाठीचा दाब बिलावर लिहून घ्यावा.

एककांचा घोळही इथेच मिटवून टाकू. आपण ज्याला बोलताना पाउंड किंवा पॉइंट म्हणतो तो पीएसआय. पट्टीवर अनेकदा किलोपास्कल असतात: २२० म्हणजे ३२ पाउंड, २३० म्हणजे ३३, २४० म्हणजे ३५, २५० म्हणजे ३६. बारमध्ये असेल तर साडेचौदाने गुणावे. जुन्या गोल काट्यांवर आतल्या वर्तुळात किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरची मोजणी असते, तिथे १ म्हणजे सव्वाचौदा पाउंड. पट्टीवर २.३ आणि काट्यावर २.३ दिसले तरी एक बार आणि दुसरे किलो असेल, तर फरक अर्ध्या पाउंडाचा पडतो. तो चालून जातो. चालून जात नाही ते डिजिटल मशिन कुणीतरी किलोपास्कलवर किंवा बारवर ठेवून गेलेले असणे. पडद्यावर पीएसआय ही अक्षरे आहेत ना, एवढे बघूनच आकडा सांगावा.

आता तापलेल्या टायरचे. पट्टीवरचा प्रत्येक आकडा थंड टायरसाठी असतो. थंड म्हणजे गाडी किमान ३ तास उभी आहे, किंवा तेवढ्या विश्रांतीनंतर फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चालली आहे. चालताना टायरची कड सतत दबते आणि सुटते, त्या घासाघाशीने आतली हवा तापते, आणि बंद जागेतली हवा तापली की दाब चढतो. १० अंश सेल्सिअस तापमान वाढले की साधारण दीड पाउंड वाढतो. कागलहून हायवेने शहरात आलेल्या गाडीचा टायर सकाळपेक्षा ३-४ पाउंड जास्त दाखवतो. मे महिन्यात दुपारी गाडी उभी असताना ज्या बाजूला ऊन, त्या बाजूची दोन चाके दुसऱ्या बाजूपेक्षा पाउंड-दीड पाउंड जास्त दाखवतात, आणि मग "डाव्या बाजूची हवा कमी झालीय" म्हणून उगीच भर घातली जाते.

तापलेल्या टायरमधली हवा कधीही काढू नये. हा चालकांच्या बाजूचा सर्वांत महागात पडणारा घोटाळा आहे. समजा, घरून निघताना टायरमध्ये २९ आहे आणि हवी आहे ३३. पंपावर पोहोचेपर्यंत उष्णतेने ३ पाउंड वाढले आणि मशिनचा काटा २ पाउंड जास्त दाखवणारा आहे. मशिनवर ३४ दिसणार. तुम्ही ३३ सांगितले आहेत, म्हणून मुलगा १ पाउंड काढून टाकणार. म्हणजे ४ पाउंड कमी असलेला टायर घेऊन तुम्ही गेलात आणि ५ पाउंड कमी करून परत आलात, वर मशिनने बरोबर झाल्याची शिट्टीही दिली.

यावर उपाय सोपा आहे. काही शे रुपयांत मिळणारे, दाब मोजायचे स्वतःचे गेज घ्यावे. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी चारही चाके मोजावीत आणि प्रत्येक चाकाला किती कमी आहे ते कागदावर लिहावे: पुढचे डावे ४, पुढचे उजवे २, मागचे डावे ३, असे. पंपावर गेल्यावर "तेहतीस करा" असे सांगायचेच नाही. आधी मशिन त्या चाकाला काय दाखवते ते बघायचे आणि त्यात आपली तूट मिळवून सांगायचे. वरच्या उदाहरणात मशिन ३४ दाखवते, तूट ४ आहे, म्हणून सांगायचे ३८. यात उष्णतेने वाढलेला दाब आणि मशिनची ठरावीक चूक दोन्ही आपोआप वजा होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गेजने मोजून बघावे, ३२ ते ३४ च्या दरम्यान आकडा आला की काम झाले. ३८ ऐकून पंपावरचा मुलगा बिचकतो, कधी भरायला नकारही देतो. त्याला कागद दाखवावा, त्याची भीती रास्तच असते.

आता पंपाकडे येऊ. पंपावर मिळणारी हवा हे उपकार नव्हेत. तेल कंपन्यांनी आपल्या विक्रेत्यांना घालून दिलेल्या नियमांतच मोफत हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि तक्रारवही या सोयी आहेत. नायट्रोजनचे किंवा पंक्चरचे पैसे वेगळे घेतले तर ती वेगळी गोष्ट, साधी हवा मोफतच. आणि त्याच पंपावर पेट्रोलच्या मापाची काळजी कशी घेतली जाते ते पाहा. वैधमापनशास्त्र विभागाचे सील असलेले ५ लिटरचे माप पंपावर ठेवलेले असते, कोणीही ग्राहक ते मागवून पेट्रोल मोजून घेऊ शकतो, आणि त्या ५ लिटरमध्ये २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणजे अर्धा टक्का. तिथून दहा पावलांवर हवेचा काटा ३३ च्या जागी ३० किंवा ३६ दाखवत असला, म्हणजे ९ टक्के चुकत असला, तरी त्याला विचारणारे कोणी नाही. पेट्रोल अर्धा टक्का कमी आले तर खिशातून काही पैसे जातात. हवेचा काटा चुकला तर आंबा घाटाच्या उतारावर टायर आणि ब्रेक दोन्ही आपल्याला हवे तसे वागत नाहीत.

काटा चुकतो कसा, हे समजून घेतले तर तपासणीही अवघड नाही. गोल काट्याच्या आत अर्धचंद्रासारखी वाकवलेली चपटी पितळी नळी असते. दाब चढला की ती किंचित सरळ होते, आणि तिच्या टोकाला जोडलेले दात काट्याला फिरवतात. हे गेज जमिनीवर आपटले, त्यावरून चाक गेले किंवा नळीत पाणी व गंज शिरला, की तिचे वाकणे बदलते. हवा भरायच्या हातातल्या गेजच्या नशिबी तर आपटणे रोजचेच. नळी चाकाला लावण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का ते बघावे. मोकळा असताना ३-४ दाखवत असेल तर तो बिघडला आहे हे उघड आहे. उलटी चूक मात्र दिसत नाही, कारण शून्यापाशी एक पिन असते. काटा खालच्या बाजूला सरकला असेल तर तो पिनेवर टेकून शून्यावरच असल्यासारखा दिसतो आणि मोजताना कमी दाखवतो. कमी दाखवणारा काटा म्हणजे जास्त भरलेला टायर.

दुसरे कारण आपल्या जिल्ह्यात विशेष लागू पडते. शिरोली आणि गोकुळ शिरगावकडचे पंप ट्रकांना, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना आणि कारना एकाच मशिनवर हवा देतात. ट्रकला १०० ते १२० पाउंड लागतात, म्हणून गेजची मोजणी १५० किंवा त्याहून पुढे जाते. गेजची अचूकता सांगतात ती पूर्ण मोजणीच्या टक्क्यांत. १६० पाउंडांचे गेज २ टक्के अचूक असेल, तर कुठल्याही आकड्याला ३.२ पाउंड इकडेतिकडे झाले तरी ते त्याच्या अचूकतेच्या वर्गात उत्तीर्णच. ट्रकच्या ११० ला ३ पाउंड म्हणजे काही नाही. कारच्या ३२ ला ३ पाउंड म्हणजे दहावा हिस्सा. म्हणजे गेज बिघडलेले नसतानाही कारसाठी ते निरुपयोगी असू शकते. कारसाठी ६० पाउंडांपर्यंतचे वेगळे गेज हवे, ज्यात ३० चा आकडा मोजणीच्या मध्यावर येतो, कारण अशा गेजवर भरवसा सर्वांत जास्त मध्यभागीच ठेवता येतो.

तिसरे कारण गेजचे नसून हाताचे असते. लांब नळीतून हवा वाहत असताना मशिनच्या तोंडाशी जो दाब असतो तो टायरमध्ये नसतो, वाटेत तो पडतो. म्हणून खटका दाबून हवा जात असताना काट्यावर दिसणारा आकडा कधीच खरा नसतो. खटका सोडून, काटा स्थिरावल्यावर वाचायचे. घाई असली की मुलगा खटका दाबलेला असतानाच ३५ बघतो आणि नळी काढतो, टायरमध्ये गेलेले असतात २८-२९. डिजिटल मशिन हेच काम स्वतः करते: थोडी भरते, थांबते, मोजते, पुन्हा भरते. त्यामुळे ते अधिक बरोबर असते, पण नोझल नीट बसले असेल तरच. नोझलमधले रबरी वायसर झिजले की बाजूने हवा निसटते, मशिनला टायरमधला दाब कमी वाटतो आणि ते भरत राहते, किंवा अर्ध्यातच चूक दाखवून थांबते. नोझल लावताना फुस्स असा आवाज क्षणभर येऊन बंद झाला पाहिजे. येतच राहिला तर नोझल काढून सरळ दाबून पुन्हा लावायला सांगावे. तरी थांबला नाही, तर दोष वायसरचा आहे, आणि ते बदलायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पाण्याची गोष्ट वेगळी, पण तितकीच दुर्लक्षित. पावसाळ्यात इथल्या हवेच्या प्रत्येक घनमीटरात २० ग्रॅमच्या वर बाष्प असते. कॉम्प्रेसर अशी ९ घनमीटर हवा १ घनमीटरात कोंबतो. त्या ९ घनमीटरांत सुमारे २०० ग्रॅम पाणी येते, पण टाकीत थंड झाल्यावर त्या १ घनमीटर हवेत २५-२६ ग्रॅमच बाष्परूपात राहू शकते. उरलेले पावणेदोनशे ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी साठते. टाकीखालचा कॉक रोज सकाळी उघडला नाही तर ते नळीतून टायरमध्ये जाते. तिथे ते लोखंडी रिमला आतून गंजवते, त्या गंजाच्या पापुद्र्यांतून टायरच्या काठाशी हवा झिरपते, आणि दाबातला चढउतार वाढतो. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असतील तर पाण्याबरोबर तेलही येते, आणि तेल रबराचे शत्रू आहे. ग्राहकाला हे तपासता येते: नोझलची पिन दाबून दोन-तीन सेकंद हवा कोऱ्या कागदावर सोडायला सांगावी. कागद ओला झाला किंवा पिवळट डाग पडला, तर त्या पंपावर हवा भरू नये. हाताच्या तळव्यावर किंवा तोंडाजवळ हा प्रयोग करू नये, दाबाची हवा कातडीत आणि डोळ्यांत इजा करते.

हवा भरून झाल्यावर एका गोष्टीला दहा सेकंद लागतात आणि ती कोणी करत नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचे बोट किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावावा. बुडबुडा फुगला तर आतली पिन गळते आहे. कित्येकदा पिनेत अडकलेला वाळूचा कण काढण्यासाठी ती क्षणभर दाबून सोडणे पुरते, नाहीतर पिन बदलावी, ती किरकोळ किमतीत मिळते. व्हॉल्व्हचा रबरी दांडा बोटाने वाकवून बघावा. मुळाशी बारीक भेगा दिसल्या तर पुढच्या वेळी टायर उतरवताना दांडा बदलूनच घ्यावा. आणि टोपण. टोपण हवा अडवण्यासाठी नसते असे अनेकांना वाटते, ते अर्धे खरे आहे. ते मुख्यतः धूळ आणि चिखल पिनेपासून दूर ठेवते, आणि आपल्याकडे रस्त्यांची कामे चालू असताना तेच सर्वांत जास्त लागते. टोपण खिशात किंवा बॉनेटवर ठेवून विसरले जाते, म्हणून चारही एकदम न काढता एका चाकाचे काढावे, भरून झाले की लावावे, मग दुसऱ्याला हात घालावा.

चांगला टायर महिन्याला १ ते २ पाउंड स्वतःहून गमावतो, कारण रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा मोजणे पुरेसे आहे. चारांपैकी एकच चाक आठवड्याला ३-४ पाउंड उतरत असेल तर त्यात दर वेळी हवा भरून मोकळे होऊ नये. खिळा, पिन किंवा रिमचा काठ, यांपैकी काहीतरी आहे, आणि ते पाण्याच्या टाकीत चाक बुडवून पाहिल्याशिवाय कळणार नाही. ज्या टायरवर हवा नसताना गाडी चालली आहे, अगदी अर्धा किलोमीटर का होईना, तो पंपावर परस्पर भरूच नये. त्याची कड रिम आणि रस्ता यांच्यात चेंगरून आतून सोलली गेलेली असू शकते. बाहेरून तो धडधाकट दिसतो आणि भरताना कडेने फुटतो. आधी उतरवून आतून बघणे भाग आहे. नवीन बसवलेल्या टायरचा काठ रिमवर बसवताना ४० पाउंडांच्या पुढे कधी जाऊ नये. ४० पर्यंत बसला नाही तर हवा सोडून, साबणाचे पाणी लावून पुन्हा प्रयत्न करावा, आणि भरताना चाकाच्या समोर उभे राहू नये.

हवा कमी ठेवल्याने पेट्रोल जास्त जाते हे सगळेच सांगतात. खरे आहे, पण आकडा लहान आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने सरासरी १ पाउंड कमी झाला की सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त लागते, म्हणजे ५ पाउंडांना १ टक्का. आमच्या मते तेवढ्यासाठी कोणी सकाळी वाकून गेज लावणार नाही. खरे नुकसान दुसरीकडे आहे. कमी हवेचा टायर दोन्ही कडांनी घासतो आणि मधे नक्षी शिल्लक असतानाच बाद होतो. खड्ड्यात आपटला की कड रिमखाली चेंगरते, आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर कोणीही दुरुस्त करू शकत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या सहापदरीकरणात जागोजागी वळवलेल्या रस्त्यांवर वेगाने येऊन अचानक खड्डा लागतो, तिथे हे नेहमी घडते. आणि मे महिन्यात चार माणसे व सामान घेऊन २५ पाउंडांवर ताशी १०० ने जाणारा टायर आतून इतका तापतो की थर सुटू लागतात.

पावसाचेही एक गणित आहे. विमानांच्या टायरवर प्रयोग करून नासाने काढलेले सूत्र सांगते, की साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३३ पाउंडांना तो ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो, २५ पाउंडांना ८३. कारच्या टायरची नक्षी, रुंदी आणि झीज यांनी हा आकडा बदलतो, त्यामुळे त्याला तंतोतंत धरू नये. दिशा मात्र पक्की आहे: हवा कमी तितका टायर लवकर रस्ता सोडतो. जुलैत पंचगंगेच्या दोन्ही अंगांना महामार्गावर पाणी साचते, त्या दिवसांत ८ पाउंडांची ही किंमत आहे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर हवा कितीही बरोबर असली तरी उपयोग नाही.

कोकणात उतरणाऱ्यांना एक शंका असते: कोल्हापुरात बरोबर भरलेली हवा रत्नागिरीत कमी कशी दिसते? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवते, आणि खाली बाहेरचा दाब जवळजवळ १ पाउंडाने जास्त असतो. टायर तोच, हवा तीच, आकडा १ ने कमी. त्यात भर घालण्याची गरज नाही. गगनबावडा किंवा आंबा घाटातून उतरण्यापूर्वी गाडी भरलेली असेल तर मागच्या चाकांना पट्टीवरचा पूर्ण भाराचा आकडा द्यावा, ते जास्त महत्त्वाचे आहे. हे काम घाटाच्या तोंडाशी तापलेल्या टायरवर न करता घरून निघताना करावे.

स्टेपनीची आठवण पंक्चर झाल्यावर होते. सीएनजी गाडीत तर ती सामानाखाली किंवा टाकीशेजारी दडलेली असते. तिच्यात पट्टीवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याएवढी किंवा त्याहून २-३ पाउंड जास्त हवा ठेवावी, कारण गरज पडेपर्यंत ती उतरणारच. स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिच्यावर स्वतंत्र आकडा छापलेला असतो, तो काही वेळा ६० पाउंडही असतो. टायरच्या दाबाचा इशारा देणारा दिवा असलेल्या गाड्यांचे मालक दिव्यावर विसंबतात, पण तो साधारण पाव हिस्सा दाब उतरल्यावर पेटतो. ३३ चे २५ झाल्यावर. ज्या गाड्यांत सेन्सर चाकात नसून चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधला जातो, तिथे हवा भरल्यावर यंत्रणा रिसेट करावी लागते, नाहीतर ती चुकीचा दाबच बरोबर मानून बसते. नायट्रोजनबद्दल एवढेच, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे देऊन मिळतो तो कोरडेपणा आणि थोडे सावकाश झिरपणे. तो भरलेल्या टायरमध्ये अडचणीला साधी हवा घातली तर काही बिघडत नाही, हवा कमी ठेवून नायट्रोजनचा पंप शोधत फिरणे मात्र बिघडवते. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप जवळ असेल तर उत्तमच. तो इंजिन चालू ठेवून वापरावा आणि दहा मिनिटांहून जास्त सलग चालवू नये, त्याचे सिलिंडर तापते.

आता आमची मागणी. ज्या शहरातल्या फाउंड्रीत साच्याच्या वाळूची ताकद पाळीपाळीला मोजली जाते, उद्यमनगरातल्या लहानशा मशिन शॉपमध्येही मायक्रोमीटरवर पुढच्या तपासणीची तारीख चिकटवलेली असते, त्या शहरात हवेचा काटा तपासायला कोणतेही नवे ज्ञान लागत नाही. प्रत्येक पंपाने १०० मिलिमीटर तबकडीचे, ६० पाउंडांपर्यंतचे, १ टक्का अचूकतेचे एक मुख्य गेज कार्यालयात ठेवावे. ते रोजच्या वापरात आणू नये आणि वर्षातून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. पंपावर एक जुने पण धड चाक ठेवावे. दर सोमवारी त्या चाकात २०, ३० आणि ४० पाउंड करून मशिन काय दाखवते आणि मुख्य गेज काय दाखवते ते टिपावे. मोटारींच्या टायर-गेजसाठी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची शिफारस ४ बारपर्यंत ०.०८ बारहून अधिक चूक मान्य करत नाही, म्हणजे साधारण १.२ पाउंड. तीच मर्यादा धरावी. चूक त्यापुढे गेली तर मशिन दुरुस्त होईपर्यंत त्यावर "२ पाउंड जास्त दाखवते" अशी पाटी लावावी. पाटी लावण्यात कमीपणा नाही, तिच्यामुळे ग्राहकाला निदान बरोबर भरता येईल. तपासणीची तारीख आणि सापडलेली चूक यांची चिठ्ठी मशिनवर चिकटवावी. टाकीचे पाणी काढल्याची रोजची नोंद त्याच चिठ्ठीखाली यावी. ट्रकसाठी आणि कारसाठी नळ्या वेगळ्या नसल्या तरी गेज वेगळे असावे. या सगळ्याला लागणारा खर्च पंपाच्या रोजच्या उलाढालीपुढे नगण्य आहे.

तेल कंपन्यांचे अधिकारी पंपांच्या तपासणीला येतात तेव्हा हवेचे मशिन चालू आहे का एवढेच न बघता ही चिठ्ठी बघावी. वैधमापनशास्त्र विभागाने पेट्रोलच्या मापाबरोबर या काट्याचीही दखल घ्यावी. हवा भरणाऱ्या मुलांना खटका सोडून वाचायचे आणि तापलेल्या टायरची हवा काढायची नाही, हे दोन नियम शिकवावेत. त्यांना पगार हवेचा नसतो, पेट्रोलचा असतो, आणि रांग लागली की ओरडणारे आपणच असतो, हेही लक्षात ठेवावे.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे स्वतःचे गेज आहे त्यांनी पंपावर मशिनचा आकडा आणि लगेच आपल्या गेजचा आकडा एकाच चाकावर घ्यावा. फरक २ पाउंडांहून जास्त निघाला तर दुसऱ्या एखाद्या चांगल्या गेजशी आपले गेज पडताळून घ्यावे, कारण चूक आपलीही असू शकते. आपले गेज बरोबर ठरले तर पंपावरची तक्रारवही मागावी आणि तीत "हवा नीट नाही" असे न लिहिता तारीख, वेळ, मशिनने दाखवलेला आकडा, गेजने दाखवलेला आकडा आणि शून्यावर काटा कुठे होता, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात.

कळावे,
आपले,
टायर, पंक्चर आणि व्हील अलाइनमेंटचे काम करणारे काही कारागीर,
कोल्हापूर